बुवा आले! (दुसऱ्या घरातून आलेला कॉकटील आणि आमचे पहिले दिवस)

गच्चीवरची | ८ जून, रात्री १०:४०

गेल्या शनिवारी आमच्याकडे एक पाहुणे आले. वय वर्षं चार, वजन ९१ ग्रॅम, अंगात राखाडी सदरा, गालांवर नारिंगी टिकल्या, डोक्यावर पिवळा तुरा. जात कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट. नाव बुवा. नाव आम्ही ठेवलेलं नाही, ते सोबत घेऊनच आले.

सिंहगड रस्त्याला माझ्या मैत्रिणीच्या इमारतीत एक आजी राहायच्या. त्या मुलाकडे बंगळूरला कायमच्या निघाल्या. सुनेला दमा, आणि कॉकटीलच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडत असते (पंखावरून बोट फिरवलं की खडूसारखी लागते), त्यामुळे बुवांना नेणं शक्य नव्हतं. मैत्रिणीने मला विचारलं, मी "बघते" म्हणाले. पुण्यात "बघते" म्हणजे नाही, हे पक्कं ठाऊक असूनही तिने आजींना होकार कळवून टाकला.

राजाराम पुलावरून रिक्षाने कोथरूडला आणलं. प्रवासापुरता छोटा पिंजरा, वर सुती ओढणी. वाटभर आवाज नाही. रिक्षावाले काका आरशातून बघत होते, शेवटी न राहवून म्हणाले, "कोंबडी का?" उतरताना ओढणी बाजूला करून दर्शन घडवलं तेव्हा त्यांचं समाधान झालं.

आजींनी वहीचं एक पान फाडून दिलं होतं. जसंच्या तसं लिहिते:

"सकाळी साडेसहाला कापड काढणे. दुपारी १ ते ३ त्याच्याशी बोलायचे नाही. संध्याकाळी ७ ला झोपतो. चहातली पोळी आवडते, देऊ नये (मी देते). पाठ करून बसला तर रागावलेला नसतो, विचार करत असतो."

आता आमचा गाढवपणा. पहिल्या संध्याकाळी नवरा, मी, लेक (वय ९) आणि सासूबाई असे चौघं पिंजऱ्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. अगदी मुलगी बघायला आल्यासारखे. फक्त पोहे नव्हते. लेक शिट्ट्या मारतेय, नवरा मोबाइलवरून दुसऱ्या कॉकटीलचे आवाज ऐकवतोय, आई राळ्याचं कणीस गजातून पुढे करताहेत. बुवा सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, अंग आवळून निम्मे झालेले, तुरा ताठ उभा. आम्हाला वाटलं किती ऐटीत बसलाय! तुरा असा खडा उभा म्हणजे पक्षी दचकलेला असतो, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी जवळजवळ काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यातली उभं राहायची दांडीच काट्यावर ठेवून वजन केलं (भाजी मोजायचा स्वयंपाकघरातला काटा), तर ८७ भरलं. माझ्या पोटात गोळा. आजींना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, तुम्ही बघू नका त्याच्याकडे."

इतकंच. आम्ही खुर्च्या फिरवल्या. मी त्याच्याकडे पाठ करून पेपर मोठ्याने वाचायला लागले, मुद्दाम संथ, अगदी छोट्या जाहिरातींसकट. चौथ्या दिवशी सकाळी "एक बेडरूम, फक्त कुटुंबासाठी" इथे पोचले आणि मागून कट्कट् असा बी फोडल्याचा आवाज आला. मागे वळून बघायचं नाही यासाठी जो संयम लागला तो मी लग्नातही दाखवला नव्हता.

आज वजन ९०. ज्यांनी दुसऱ्या घरातला, वयाने मोठा पक्षी आणलाय त्यांनी कृपया अनुभव लिहा. पिल्लू वाढवायची माहिती भरपूर मिळते. पण हा चार वर्षांचा आहे, सवयी घेऊन आलाय, आणि त्याचं माणूस गेलंय.

वाकडी_वाट | ८ जून, रात्री ११:०५

वा! बुवांना साष्टांग. दुपारी १ ते ३ बोलायचं नाही म्हणजे पक्षी अस्सल आहे, ऑस्ट्रेलियाचा असला म्हणून काय झालं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

टेकडीवरचा_राघू | ९ जून, सकाळी ७:१५

कॉकटील गेली अकरा वर्षं आहेत माझ्याकडे, त्यातले दोन असेच दुसऱ्या घरातून आलेले. तुमच्या आजींनी एका वाक्यात सांगितलं ते मला शिकायला वर्ष लागलं. रोखून बघणारे दोन डोळे म्हणजे त्याच्या लेखी शिकारी. माणसाने खोलीत असावं, पण त्याच्यासाठी असू नये. पंधरा दिवस हेच काम करा. पिंजऱ्यात हात फक्त दाणा-पाण्यासाठी, आणि रोज त्याच वेळी.

पण त्याहून तातडीचं सांगतो. घरात नॉनस्टिक तवा आहे का? असेल तर आजच कपाटाच्या वर टाका. तो जास्त तापला की त्यातून जो वायू सुटतो त्याचा माणसाला पत्ताही लागत नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत जातो. त्यांच्या फुफ्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. आत घेतलेल्या हवेतलं सगळं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषतात, चांगलंही आणि वाईटही. त्याच कारणाने धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर त्याच्या खोलीत नको. देवघर हॉलमध्ये असेल तर पिंजरा हलवा. देव समजून घेईल.

दुसरं, छताचा पंखा. बाहेर सोडाल तेव्हा बटणावर चिकटपट्टी मारा. कुणीतरी बाहेरून येतं, "काय उकडतंय" म्हणत बटण दाबतं, आणि संपलं.

शेवगा_शेंग | ९ जून, सकाळी ९:३२

तव्याबद्दल वर लिहिलंय ते मी भोगलंय. डोशासाठी तवा गॅसवर ठेवला, फोन आला, दहा मिनिटं बोलत राहिले. हॉलमध्ये दोन बजी (छोटे पोपट) होते. जास्त लिहीत नाही. आता घरात फक्त बिडाचा आणि लोखंडी.

गच्चीवरची | ९ जून, सकाळी १०:१०

@शेवगा_शेंग, वाईट वाटलं गं. दोन तवे आणि एक आप्पेपात्र वॉचमन काकांना देऊन टाकलं (त्यांच्याकडे पक्षी नाही, विचारून घेतलं). पंख्याच्या बटणावर आईंनी पाटी लावलीय: "पंखा बंद आहे. बंदच राहील. विचारू नये."

रोखठोक | ९ जून, दुपारी १२:४८

कौतुकसोहळा चालू द्या, पण उडणाऱ्या जिवाला पिंजऱ्यात ठेवायचं आणि मग त्याच्या वजनाची काळजी करायची, यातला विरोधाभास कुणालाच दिसत नाही? सोडून द्या त्याला. आकाश त्याचं आहे.

टेकडीवरचा_राघू | ९ जून, दुपारी १:२०

कुठलं आकाश? ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या माळावरचं त्याचं होतं, आणि तेही त्याच्या पूर्वजांचं. याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यात जन्मल्यात. कोथरूडच्या गच्चीवरून सोडलात तर पहिल्या तासात कावळे धरतील. कावळ्यांच्या तावडीतून वाचला तर दाणा कुठे शोधायचा हे माहीत नाही, म्हणून उपाशी मरेल. "सोडून देणं" हे सोडणाऱ्याच्या मनाच्या शांतीसाठी असतं, पक्ष्यासाठी नव्हे.

गच्चीवरची | ९ जून, दुपारी ३:०५

@रोखठोक, तुमच्या मुद्द्याशी मी अर्धी सहमत आहे. दुकानातून नवा पक्षी मी आणला नसता. दुकानातला एक पिंजरा रिकामा झाला की त्यात दुसरा येऊन बसतो, एवढं मलाही कळतं. पण हा आहे, चार वर्षांचा आहे, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगणार आहे. एवढी वर्षं त्याने कुठेतरी काढायचीच आहेत. (उत्तर उशिरा दिलं. घरात १ ते ३ शांतता पाळतो.)

नानांची_पेठ | ९ जून, संध्याकाळी ६:४०

आमच्या वाड्यात माझ्या लहानपणी कंठवाला पोपट होता. "विठू विठू" म्हणायचा, हिरवी मिरची खायचा, पोस्टमन आला की ओरडायचा. कॉकटील वगैरे ठीक, पण बोलणारा तो आपला देशी. नातवासाठी एक बघतोय. पुण्यात चांगला कुठे मिळेल? शक्यतो पिल्लू.

आडगाव_पुणे | ९ जून, संध्याकाळी ७:०२

काका, कुठेही मिळाला तरी घेऊ नका. देशी पोपट, मग तो कंठवाला असो, पहाडी असो की तुईया, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं सगळाच गुन्हा. विकायला येणारी ही पिल्लं झाडाच्या ढोलीतल्या घरट्यातून काढलेली असतात, आणि बरीचशी वाटेतच मरतात. झाडाखाली पडलेलं पिल्लू सापडलं किंवा कुणी विकताना दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

नातवाला संध्याकाळी विद्यापीठाच्या आवारात न्या. झाडांवर उतरणारे थवे बघून तो घरात ठेवायला एक मागणार नाही.

नानांची_पेठ | ९ जून, संध्याकाळी ७:३०

हे माहीत नव्हतं. वाड्यात कुणालाच माहीत नसावं. मिरचीचा एक प्रश्न मात्र साठ वर्षं पडलाय, त्याला तिखट लागत कसं नव्हतं?

टेकडीवरचा_राघू | ९ जून, रात्री ८:११

लागतच नाही. मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांच्या जिभेला जाणवत नाही. मिरचीच्या झाडाच्या सोयीचंच आहे ते. बरेचसे पक्षी मिरची खातात आणि बी न चावता लांब नेऊन टाकतात.

पिवळी_छत्री | १० जून, सकाळी ११:००

अवांतराबद्दल माफी. माझ्याकडे सन कॉन्युअर जातीचा पोपट आहे, मैत्रिणीने परदेशी जाताना दिला. परदेशी पक्ष्याला कायदा लागत नाही ना?

आडगाव_पुणे | १० जून, सकाळी ११:२५

लागतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी आपल्याकडेही करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले, अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर. पक्षी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत कळवायचं असतं. कॉन्युअर, मकाव, आफ्रिकन ग्रे, कॉकाटू हे सगळे त्या यादीत आहेत. कॉकटील, बजी आणि पीच-फेस लव्हबर्ड नाहीत, त्यामुळे बुवा निर्धास्त. मैत्रिणीने नोंदणी केली होती का ते आधी विचारा, आणि पक्षी तुमच्याकडे आला तेही कळवा.

प्राण्यांचा_डॉक्टर | १० जून, रात्री ९:४५

धागा आजच वाचला. पक्षी आल्यापासून दोन आठवड्यांत एकदा तपासून घ्या, पण पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडेच. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी बघतात असं नाही, आधी फोन करून विचारा. आजारी पक्षी शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग करतो. कळपात अशक्त दिसला की शिकार होते ना. म्हणून वजनाची वही ठेवताय ते सर्वोत्तम. दहा टक्के उतरलं की वाट बघायची नाही.

रोज विष्ठा बघा. तिचे तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी घट्ट, पांढरं, आणि भोवती पाणी. रंग किंवा प्रमाण बदललं, श्वास घेताना शेपटी खालीवर व्हायला लागली, पक्षी फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि एक माणसांसाठी. पोपटांकडून सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून. ट्रे ओल्या कागदाने पुसा, कोरडा झाडू नका. घरात कुणाला हट्टी ताप-खोकला झाला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरी पक्षी आहे. वेळेत कळलं तर गोळ्यांनी बरा होतो.

गच्चीवरची | १६ जून, रात्री ९:२०

ताजी खबर. डॉक्टरांकडे जाऊन आलो, सगळं ठीक. एकच तक्रार, आहाराची. आजींकडे बाजरी, राळे आणि मुख्य म्हणजे सूर्यफुलाच्या बिया चालायच्या. डॉक्टर म्हणाले, हे म्हणजे रोज तिन्ही त्रिकाळ वडापाव. तेल भरपूर, अ जीवनसत्त्व नावाला. त्यामुळे यकृत बिघडतं, आणि नाक-घशाचे आजार लागतात.

मग सुरू झाली मोहीम. गाजर किसून, नाकारलं. लाल भोपळा वाफवून, त्यात पाय बुडवून चालत गेले. पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), एकेक उचलून पिंजऱ्याबाहेर टाकले. शेवटी आईंनी शेवग्याच्या पाल्याची अख्खी डहाळी पिंजऱ्याला वरून उलटी टांगली. अर्धा तास तिरक्या मानेने निरीक्षण, मग एक पान, मग सगळी डहाळी साफ. वाटीत दिलेलं म्हणजे औषध आणि टांगलेलं म्हणजे झाड, असा काहीसा हिशोब असावा. आता कोथिंबिरीची जुडीही टांगते. मोड आलेले मूग वाटीतसुद्धा चालतात.

बिया एकदम बंद करणार नाही. ओळखीचं अन्न गेलं तर काही पक्षी उपाशी राहतात म्हणे.

चहातली पोळी बंद. आईंना ते क्रूर वाटतं.

टेकडीवरचा_राघू | १६ जून, रात्री १०:०२

आईंना सांगा: चहा-कॉफी, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो, कांदा-लसूण, आणि मीठ म्हणजे फरसाण, चिवडा, चकली, काहीच नाही. सफरचंद चालेल, बिया काढून. पावसाळा लागलाय, दाणे पाव किलोच आणा आणि हवाबंद डब्यात ठेवा. या हवेत बुरशी धरते, शेंगदाण्याला तर आधी.

पिंजऱ्यातल्या गुळगुळीत दांड्या काढा. एकाच जाडीवर दिवसरात्र उभं राहून तळपायाला फोड येतात. पेरूची वाकडीतिकडी फांदी धुऊन उन्हात वाळवून लावा. सोसायटीतली कण्हेर तोडू नका, विषारी असते.

गच्चीवरची | २४ जून, पहाटे ४:१०

कुणी जागं आहे का? दीडच्या सुमाराला पिंजऱ्यात प्रचंड फडफड. दिवा लावला तर बुवा तळाशी, धापा टाकताहेत, डाव्या पंखाजवळ रक्त. नवीन फुटणारं पीस मुळाशी तुटलंय, त्या पिसात रक्त असतं म्हणे. हात पाय गळाले माझे. आईंनी मक्याचं पीठ दाबून धरलं, पाच मिनिटांत थांबलं. आता बसलाय दांडीवर. काय झालं असेल?

प्राण्यांचा_डॉक्टर | २४ जून, सकाळी ६:२०

पीठ बरोबर लावलंत. पुन्हा रक्त आलं नाही ना? तरी आज दाखवून या. कॉकटीलचं हे नेहमीचं दुखणं आहे, रात्रीचं घाबरणं. अंधारात सावली, पाल, गाडीचा दिवा, काहीही पुरतं. काही दिसत नाही आणि तो झेपावतो. खोलीत झिरोचा बल्ब ठेवा आणि पिंजऱ्याची एक बाजू कापडाविना मोकळी.

गच्चीवरची | २४ जून, दुपारी १२:१५

दाखवून आणलं, पंख शाबूत. गुन्हेगार सापडला: ट्यूबलाइटमागची पाल. नवरा झाडू घेऊन तिच्या मागे, लेक "तिला मारू नको" म्हणत नवऱ्याच्या मागे. पाल गॅलरीत रवाना. झिरोचा बल्ब लागला.

एक विचित्र झालं मात्र. सकाळपासून बुवा माझ्याकडे पाठ करून बसत नाहीत.

वाकडी_वाट | २४ जून, दुपारी ३:३०

विचार करून झाला असेल.

गच्चीवरची | ६ जुलै, रात्री ९:५०

आज बुवांनी आमचा पोपट केला, लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दोन दिवस त्यांचा आवाज सुटलाय. चिवचिव नाही, थेट कुकरची शिट्टी. सुरुवातीची फुसफुस, मग लांब शिट्टी, मग उतरता सूर, सगळं. आणि मोजून तीन. आजींकडे तीन शिट्ट्यांवर गॅस बंद व्हायचा, चार वर्षं रोज ऐकलेलं.

संध्याकाळी आईंनी वरणाचा कुकर लावला आणि नवऱ्याला "शिट्ट्या मोज" सांगून खाली गेल्या. आमच्या तूरडाळीला चार लागतात. कुकरने एक दिली. बुवांनी लगोलग तीन दिल्या. नवऱ्याने बातम्या बघता बघता चार मोजल्या आणि गॅस बंद केला. कुकर उघडला तर डाळ टणक, पाण्यात पोहतेय. जेवायला दही-भात.

हसून झाल्यावर मी जरा गप्पच झाले. त्याच्या डोक्यात अजून सिंहगड रस्त्याचा ओटा चालू आहे. आजींना फोन करून सांगितलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "मला नको ऐकवूस हं शिट्टी." मीही आग्रह केला नाही.

शेवगा_शेंग | ७ जुलै, सकाळी ८:१४

डोळ्यांत पाणी आणलंस. हाताजवळ येतो का आता?

गच्चीवरची | ७ जुलै, सकाळी ९:००

येतो, पण लेकीकडे. ती रोज शाळेतून आली की पिंजऱ्याशेजारी जमिनीवर गृहपाठ करते, हाताशी राळ्याचं कणीस ठेवून. देत नाही, फक्त ठेवते. दार उघडं. परवा तो वहीवर येऊन बसला आणि गणिताच्या पानाची कड बारीक झालर कातरल्यासारखी कुरतडली. बाईंना तिने खरं कारण सांगितलं. विश्वास बसला नाही.

पिवळी_छत्री | ७ जुलै, सकाळी ९:४०

माझी नोंदणी मार्गी लागली, धन्यवाद @आडगाव_पुणे. गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके, तेव्हा काय करता सगळे?

टेकडीवरचा_राघू | ७ जुलै, सकाळी १०:२५

रस्त्यापासून लांबची आतली खोली, खिडक्या बंद, जाड पडदा, शेजारी रेडिओ हळू आवाजात. आणि आपण तिथे बसायचं. मी गेली दहा वर्षं विसर्जनाची मिरवणूक बघितलेली नाही.

गच्चीवरची | २८ जुलै, संध्याकाळी ७:०५

छोटीशीच खबर. मध्ये आठ-दहा दिवस शिट्टी बंद होती. आज चारच्या सुमाराला पुन्हा सुरू झाली. फुसफुस, एक, दोन, तीन. मग थांबले, तुरा अर्धा वर, मान तिरकी. आणि चौथी दिली.

आई आतून ओरडल्या, "गॅस बंद कर गं!"

नानांची_पेठ | २८ जुलै, संध्याकाळी ७:३३

वरण शिजलं का?

गच्चीवरची | २८ जुलै, संध्याकाळी ७:४०

नाही काका. कुकर लावलाच नव्हता.